पांढऱ्या फळ्यावरील आठवडा

वेळ पुरत नाहीं ही तक्रार घरोघरीं सारखीच ऐकूं येते. सोमवारीं सकाळीं जो आठवडा भरपूर मोठा दिसतो, तो शुक्रवारीं संध्याकाळीं कोठें नाहींसा झाला याचा पत्ता लागत नाहीं. विजेचें बिल भरलें जातें, मुलांच्या परीक्षा होतात, पाहुणे येऊन जातात. पण आजीचे डोळे तपासून घ्यावयाचे असतात, तें काम मात्र याहि आठवड्यांत राहून जातें. बिलाला मुदत असते, परीक्षेला तारीख असते, पाहुण्यांना स्वतःचा आवाज असतो. आजी कांहीं बोलत नाहीं. ज्या कामाच्या पाठीमागें ओरडणारा कोणी नसतो, तें काम मागें पडत जातें. आणि पुष्कळदां तेंच अधिक महत्त्वाचें असतें. या दुखण्यावर एक स्वस्त व सोपा उपाय आहे. तो म्हणजे घरांतील भिंतीवर लाविलेला एक पांढरा फळा.

आठवडा ही वस्तु मोठी चमत्कारिक आहे. दिवस सूर्यानें ठरविला, महिना चंद्रानें ठरविला. आठवड्याला आकाशांत असा नेमका आधार नाहीं. वारांचीं नांवें ग्रहांचीं असलीं तरी तो मूळचा माणसांनीं आपसांत केलेला करार आहे. हा करार मोडण्याचे प्रयत्न झाले, पण ते टिकले नाहींत. फ्रेंच क्रांतिकारकांनीं १७९३ सालीं दहा दिवसांचा आठवडा सुरू केला. १८०६ सालाच्या आरंभीं तें सारेंच पंचांग रद्द झालें. सोव्हिएट रशियानें १९२९ सालीं पांच दिवसांचा आठवडा काढला. कारखाने अखंड चालावे म्हणून कामगारांचे पांच गट पाडले आणि प्रत्येक गटाला निराळ्या दिवशीं सुट्टी दिली. परिणाम असा झाला कीं, नवऱ्याची सुट्टी एका दिवशीं तर बायकोची दुसऱ्या दिवशीं येऊं लागली. सुट्टी होती, पण ती कोणाबरोबर घालवावी हा प्रश्न पडला. १९३१ सालीं सहा दिवसांचा आठवडा करून पाहिला, आणि १९४० सालीं रशिया पुन्हा सात दिवसांवर आला. यावरून एक गोष्ट दिसते. आठवड्याचें मोल तो सर्वांचा मिळून एक असण्यांत आहे. म्हणूनच कुटुंबाच्या आठवड्याची आंखणी एकट्याच्या खिशांतील वहींत किंवा मोबाइलमध्यें पुरून ठेवण्यापेक्षां सर्वांच्या दृष्टीसमोर असणें अधिक बरें.

पुसतां येण्याजोगी पाटी आपल्याकडे नवी नाहीं. पूर्वीं फळीवर धूळ पसरून तींत बोटानें किंवा काडीनें आंकडे काढीत आणि पुसून पुन्हा मांडीत. अंकगणिताला पाटीगणित हें नांव पडलें तें त्या पाटीवरून. धूळाक्षरें गिरविणें हा वाक्प्रचारहि त्याच काळाची खूण आहे. चूक सहज पुसतां येते, म्हणून विद्यार्थी करून पाहण्यास भीत नाहीं, हा त्या पाटीचा गुण होता. पांढऱ्या फळ्याचा गुण तोच. त्यावर लिहिण्याच्या मार्करची शाई मद्यार्कासारख्या लवकर उडून जाणाऱ्या द्रवांत कालविलेली असते आणि तींत एक तेलकट पदार्थ मिसळलेला असतो. द्रव उडून गेला कीं रंगाचा पातळ पापुद्रा फळ्याच्या गुळगुळीत पृष्ठावर नुसता टेकून राहतो. तेलकट पदार्थामुळें तो घट्ट चिकटत नाहीं, म्हणून कोरडें फडकें पुरतें. कायमच्या मार्करमध्यें याच्या उलट राळेसारखा चिकट पदार्थ असतो. चुकून त्यानें लिहिलें गेलें तर त्याच अक्षरांवरून फळ्याचा मार्कर फिरवावा व शाई ओली असतांनाच पुसावें. नव्या शाईंतील द्रव जुनी शाई सोडवितो.

कामें डोक्यांत ठेवण्याऐवजीं फळ्यावर कां लिहावीं, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर स्मरणशक्तीच्या मर्यादेंत आहे. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५६ सालीं दाखविलें कीं, माणूस एका वेळीं सुमारें सातच गोष्टी मनांत धरूं शकतो. पुढें २००१ सालीं नेल्सन कोवन यांनीं ती संख्या चाराच्या आसपास आणली. घरांतील एका आठवड्याचीं कामें याच्या कितीतरी पट असतात. तीं सारीं डोक्यांत वागविणारी व्यक्ति हातांत काम नसतांनाहि थकलेली असते, आणि बहुतेक घरांत ती व्यक्ति म्हणजे घरची गृहिणी होय. काम करणें हें एक काम, आणि तें ध्यानांत ठेवणें हें दुसरें. दुसऱ्याची गणती सहसा कोणी करीत नाहीं.

आतां फळा कसा आंखावा तें पाहूं. सुमारें तीन फूट रुंद व दोन फूट उंच फळा स्वयंपाकघराच्या दाराजवळ, मुलांचा हात पोंचेल अशा उंचीवर लावावा. त्यावर उभे आठ रकाने पाडावे. दिवस सात असतां रकाने आठ कशाला? तर आठवा रकाना वार नसलेल्या कामांचा. आठवडा या आपल्या शब्दांतच आठ आहेत. रविवारपासून रविवारपर्यंत दोन्ही टोकें धरून मोजलें तर दिवस आठच भरतात. सात रकान्यांना सकाळ, दुपार व संध्याकाळ असे तीन आडवे भाग करावे. तासातासांचें वेळापत्रक मांडूं नये. शाळेंत तास बदलला कीं घंटा होते. घरांत घंटा वाजविणारा शिपाई नसतो, आणि पहिला तास चुकला कीं सारा दिवस चुकल्यासारखा वाटतो.

रविवारीं चहाच्या वेळीं सर्वांनीं फळ्याजवळ बसावें. प्रथम मुदतीचीं कामें लिहावीं. त्यानंतर लगेच विश्रांति व आनंद यांना जागा द्यावी: एक संध्याकाळ फिरावयास जाण्याची, एक सकाळ वाचनाची. हीं शेवटीं लिहूं म्हटलें तर त्यांना जागा उरत नाहीं. मग आठव्या रकान्यांत जास्तींत जास्त पांच कामें लिहावीं. जपानांत टोयोटाच्या कारखान्यांत ताइइची ओनो यांनीं ‘कानबान’ नांवाची चिठ्ठ्यांची पद्धति रूढ केली. तिचें तत्त्व असें कीं, पुढच्या टप्प्याची मागणी आल्याशिवाय मागच्यानें नवा माल तयार करूं नये. घरांतहि जुनें काम उरकल्याशिवाय आठव्या रकान्यांत नवें काम घेऊं नये.

काम लिहितांना तें करतां येईल अशा शब्दांत लिहावें. ‘आजीचे डोळे’ हें काम नव्हे, ती काळजी झाली. ‘मंगळवारीं सकाळीं दवाखान्यांत फोन करून वेळ घेणें’ हें काम. आणि प्रत्येक दिवसाचा एक भाग कोरा सोडावा. माणूस स्वतःच्या कामाचा वेळ नेहमीं कमी धरतो. डॅनियल कानेमन व एमॉस ट्वर्स्की यांनीं १९७९ सालीं या दोषाकडे लक्ष वेधलें. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनीं सरासरी ३४ दिवस लागतील असा अंदाज केला होता. प्रत्यक्षांत ५५ हून अधिक लागले. कोरी जागा ही आळसाची खूण नव्हे, ती अंदाजाच्या चुकीची भरपाई आहे.

यापुढें कल्पकतेचा भाग येतो. घरांतील प्रत्येकाला एक रंग द्यावा आणि जो जें काम करणार, त्यानें तें आपल्या रंगांत स्वतः लिहावें. ज्या मुलाला अजून लिहितां येत नाहीं त्यानें चित्र काढावें. झाडाला पाणी घालण्याचें काम एका पानाच्या चित्रानें भागतें. आठवडा लिहून झाला कीं सर्वांनीं दोन पावलें मागें सरकून फळा पाहावा. पुष्कळ घरांत फळ्याचा बहुतेक भाग एकाच रंगाचा दिसेल, आणि तो रंग आईचा असेल. जी गोष्ट वर्षानुवर्षें बोलून पटत नाहीं, ती अशा वेळीं न बोलतां दिसते. मग दोन ओळी पुसून दुसऱ्या रंगांत लिहिण्यास भांडण लागत नाहीं, फडकें पुरतें.

मात्र सहज पुसतां येणें या गुणांतच एक धोका आहे. न झालेलें कामहि तितक्याच सहज पुसलें जातें. यासाठीं एक नियम पाळावा. झालेलें काम शनिवारपर्यंत पुसूं नये, त्यावर फक्त रेघ मारावी; म्हणजे केलेल्या श्रमाचें दर्शन सर्वांना घडतें. राहिलेलें काम पुढच्या आठवड्यांत नेतांना त्याच्यापुढें एक टिंब द्यावें. तीन टिंबें झालीं कीं तें काम चौथ्यांदा पुढें ढकलावयाचें नाहीं. त्याच रविवारीं त्याचा निकाल लावावा: तें करावें, दुसऱ्याकडे द्यावें, किंवा तें आपल्याला करावयाचें नाहीं असें मोकळेपणानें कबूल करून पुसून टाकावें.

आजीच्या डोळ्यांपुढें तीन टिंबें पडलेलीं घरांतील सर्वांना दिसूं लागलीं, कीं चौथा आठवडा तसाच जाऊं देणें कठीण होतें. मोतीबिंदु वेळीं ओळखला तर शस्त्रक्रियेनें दृष्टि परत येते. पण कांचबिंदूनें एकदां गेलेली दृष्टि परत आणतां येत नाहीं, आणि तो बहुधा गाजावाजा न करतां वाढतो. दोहोंपैकीं काय आहे हें तपासल्याखेरीज कळत नाहीं. आजी स्वतःसाठीं कधीं ओरडणार नाहीं. तें काम तिच्या वतीनें फळ्यावरील तीन टिंबांना करूं द्यावें.