वसतिगृहाला निघण्यापूर्वी एवढे कराच

बारावीचा निकाल लागला की धर्माबादच्या स्टेशनावर बॅगा आणि गाद्यांच्या वळकट्या दिसू लागतात. कोणी नांदेडला, कोणी लातूरला निघते, कोणी हद्द ओलांडून निजामाबाद-हैदराबादला. बाप मिरचीची पोती वाहतो, आई मिरचीची देठे खुडायला जाते, आणि घरातले पहिले लेकरू कॉलेजात पाऊल टाकते. त्याच्या पिशवीत गुणपत्रिका, टी.सी., जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सगळ्यांच्या चार-चार झेरॉक्स असतात. एक कागद मात्र सहसा नसतो. तो म्हणजे लसीकरणाचे कार्ड.

आम्ही हा विषय काढला की आया हसतात. "मोठ्या पोराला कसली हो लस? ती तर तान्ह्या बाळाला!" हा समज चुकीचा आहे आणि तो महागात पडतो.

घरी असते तोवर मूल आपल्या माठातले पाणी पिते. वसतिगृहात एका खोलीत चार जण, नळ एक, मेस एक. समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही आणि स्वाधार योजनेच्या पैशावर खोली घेतली, तरी जेवण मेसचेच. आमच्या ओळखीच्या एका घरातला मुलगा असाच शिकायला गेला. पहिल्याच पावसाळ्यात टायफॉईड झाला. दवाखान्यासाठी बापाने उसने पैसे घेतले. पोरगा महिनाभर घरी पडून राहिला, हजेरी गेली, सत्र बुडाले. जीव वाचला हे खरे, पण गरिबाच्या घरात एक सत्र बुडणे काही लहान गोष्ट नव्हे.

पैसे न लागणारी लस आधी

सोळाव्या वर्षी 'टीडी'चे इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. धनुर्वात आणि घटसर्प या दोन्हींपासून ते रक्षण करते. पूर्वी जे 'टीटी' मिळत असे त्याची जागा आता याने घेतली आहे. दहाव्या वर्षीचा डोस शाळेत होऊन जातो, पण सोळाव्याच्या सुमारास दहावी संपते, शाळा सुटते आणि डोस राहून जातो. राहिला असेल तर ग्रामीण रुग्णालयात किंवा उपकेंद्रात सिस्टरला विचारा. आशाताईंना सांगितले तर त्या लसीकरणाचा दिवस सांगतील.

जुने कार्ड शोधा

नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली. आज कॉलेजला निघालेली मुले तेव्हा चौथी-पाचवीत होती. त्या दिवशी आपले मूल शाळेत होते की ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर फडावर होते, हे आठवून पाहा. गोवर मोठ्या वयात झाला तर जास्त त्रास देतो. मुलीला पुढे गरोदरपणात रुबेला झाला तर बाळाला जन्मजात व्यंग येऊ शकते. लस राहिली असेल तर डॉक्टरांना विचारा.

हिपॅटायटिस बी ही रक्तातून पसरणारी कावीळ. तिची लस बाळांच्या मोफत यादीत टप्प्याटप्प्याने आली आणि २०११ नंतर देशभर पोचली. म्हणून आजच्या अनेक तरुणांना ती मिळालेली नसण्याचा संभव आहे. आपल्या कितीतरी मुली नर्सिंगला जातात, मुले लॅब टेक्निशियनचा कोर्स करतात. सुई आणि रक्त हेच त्यांचे रोजचे काम. त्यांनी ही लस घेतलीच पाहिजे. तीन डोस असतात. दुसरा महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. तेव्हा प्रवेश होताच सुरुवात करा.

पैसे जमले तर

टायफॉईडची लस एकदाच टोचायची असते. कॉलेजच्या वयात ती बहुधा खाजगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये आपल्या शहरातल्या मुलांना ती मोहीम काढून दिली होती. मात्र लस घेतली म्हणून वाटेल तिथले पाणी पिऊ नये. पाणी उकळूनच प्यावे. काविळीच्या सगळ्या प्रकारांवर लस नाही, हेही ध्यानात असू द्या.

मुलींसाठी आणखी एक लस आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी एचपीव्ही लस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या अशा लसीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. लहान वयात घेणे सर्वांत चांगले, पण सव्वीस वर्षांपर्यंत घेता येते. यात लाजण्यासारखे काहीच नाही. आईनेच मुलीशी बोलावे.

कुत्रे चावले तर

आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा काळ केव्हाच संपला. आता ती दंडात देतात. ठरलेल्या तारखांना सगळे डोस पुरे करायचे, मध्येच सोडायचे नाहीत.

लस घेतल्यावर दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते. घाबरू नका. अर्धा तास दवाखान्यातच बसा. कसली ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

राजर्षी शाहू शिष्यवृत्तीवर परदेशी जाणाऱ्यांना तर अनेकदा लसीकरणाचा पुरावा द्यावा लागतो. तिकडची अनेक विद्यापीठे गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस मागतात, काही मेंदूज्वराची लसही मागतात. कार्ड हरवले की ऐनवेळी धावपळ होते. म्हणून त्याची झेरॉक्स दाखल्यांच्या फाईलमध्येच ठेवा.

१० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीमाई पुण्यात गेल्या. लस तयार झाली होती, पण लोकांपर्यंत पोचली नव्हती. आज ती आपल्या तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत आली आहे. तिथवर चालत जाणे तेवढे आपल्या हाती आहे. लेकराची बॅग भरण्याआधी एक सकाळ त्यासाठी काढा.