दावा करा, पण कसा?

"भारी रिझल्ट मिळाला तर लगेच जाहीर करायचा का?" पीएचडीला येऊ पाहणारे मला हे हमखास विचारतात. उत्तरादाखल मी दोन गोष्टी सांगतो.

पहिली 23 मार्च 1989 ची. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात पॉन्स आणि फ्लाइशमन या रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेतली. टेबलावर मावेल अशा उपकरणात, साध्या तापमानाला अणूंचं फ्यूजन घडवलं, असा त्यांचा दावा होता. पेपर तोवर छापूनही आला नव्हता. तपशील अपुरे, त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळा बातम्यांवरून अंदाज बांधत प्रयोग करत बसल्या. बहुतेकांच्या हाती काहीच लागलं नाही.

दुसरी सप्टेंबर 2011 ची. सर्नहून निघालेले न्यूट्रिनो सुमारे 730 किलोमीटरवर, इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत, प्रकाशाला लागला असता त्यापेक्षा साधारण 60 नॅनोसेकंद आधी पोचताना दिसले. ऑपेरा गटाने कित्येक महिने चूक शोधली, सापडेना. मग त्यांनी मोजमापाची पद्धत सगळ्यांसमोर ठेवली आणि 'तपासा' म्हणून सांगितलं. 'आइन्स्टाइन चुकला' असं पेपरमध्ये कुठेही नव्हतं. तो निष्कर्ष वर्तमानपत्रांनी काढला. 2012 मध्ये मुख्य दोष सापडला: एक फायबर ऑप्टिक केबल नीट बसलेली नव्हती! त्याच प्रयोगशाळेतल्या इकारस गटाच्या मोजणीतही न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा वेगवान निघाले नाहीत.

चुकले दोघंही. पण ऑपेराची चूक काही महिन्यांत निस्तरली, कारण तपासायला लागणारी माहिती उघड होती. अर्थात तिथेही सगळं आलबेल नव्हतं. आणखी तपासण्या व्हाव्यात म्हणून गटातल्या काहींनी पेपरवर नाव घातलं नव्हतं, आणि पुढे दोन प्रमुखांना पद सोडावं लागलं.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगेन. रिझल्ट जितका अचाट, तितका आधी स्वतःच्या केबलवर संशय घ्या. काय मोजलं आणि त्याचा अर्थ काय लावला, हे वेगवेगळं लिहा. पत्रकाराशी बोलताना 'खात्री नाही' हे पहिल्याच वाक्यात सांगा. शेवटचं वाक्य छापून येईलच असं नाही. आणि चुकलात तर जितक्या मोठ्याने दावा केला, तितक्याच मोठ्याने कबूल करा. प्रयोगासाठी लागणारा पैसा बहुतेक वेळा लोकांच्या करातून येतो, मग खरं काय ते कळण्याचा हक्कही त्यांचाच.