पॉलिमर क्ले: नावात माती, प्रत्यक्षात प्लास्टिक, घेताना आणि भाजताना काय पाहाल?

बेळगाव असो, मडगाव असो की इंदूर, हल्ली प्रदर्शनांत आणि इन्स्टाग्रामवर हाताने बनवलेले कानातले, कीचेन, फ्रिज मॅग्नेट यांना चांगली मागणी दिसते. घरबसल्या चार पैसे मिळावेत म्हणून अनेक जणी या कामाकडे वळतात. पण दुकानात जाऊन नुसतं "क्ले द्या" म्हटलं, तर हातात भलतीच वस्तू पडू शकते. पैसे तर जातातच, वर आठवडाभरात कानातलं मोडलं की गिऱ्हाईकही जातं.

'क्ले' म्हणजे नेमकी कोणती?

दुकानात साधारण तीन प्रकार मिळतात. एअर ड्राय क्ले हवेत वाळते आणि शाळेच्या प्रोजेक्टला ठीक असते. मात्र पाणी लागलं की ती बिघडते आणि गोवा-खानापूरच्या पावसाळी हवेत वाळायलाही वेळ घेते. दुसरी एपॉक्सी क्ले. तिचे दोन भाग एकत्र मळावे लागतात. काही तासांत ती आपोआप कडक होते, म्हणून मळलेली उरली तर वाया जाते. म्युरलसाठी हीच वापरतात.

तिसरी पॉलिमर क्ले. ही माती नव्हेच. ज्या पीव्हीसीपासून नळाचे पाइप बनतात, त्याचीच बारीक पूड, तिला मऊ ठेवणारं तेलासारखं द्रव्य आणि रंग यांचं हे मिश्रण. यात पाणी नसल्यामुळे ती वाळत नाही. ओव्हनच्या उष्णतेतच कण एकजीव होऊन ती पक्की होते. एवढं एक समजलं की पुढचे सगळे नियम सोपे वाटतात.

घेताना

पाकिटावर 'ओव्हन बेक' लिहिलंय का आणि तापमान किती दिलंय, ते आधी वाचा. फिमो आणि स्कल्पी यांचे छोटे ठोकळे साधारण 57 ग्रॅमचे असतात. स्कल्पी थ्री मऊ असते, शिकायला बरी. पण पातळ वस्तू भाजल्यावर पटकन मोडते. कानातल्यांसाठी प्रीमो किंवा सर्निट जास्त टिकाऊ.

ठोकळा दाबून पाहा. भुगा होत असेल तर तो जुना किंवा उष्णता लागलेला असू शकतो. ग्वाल्हेर, हैदराबादकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलेली क्ले अर्धवट भाजल्यासारखी कडक होते. त्यामुळे मे महिन्यात ऑनलाइन मागवताना विचार करा. घरी ती सावलीत, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. काचेसारख्या कडक, पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात ठेवू नका. क्लेमधलं द्रव्य त्या डब्यालाच चिकट करतं.

काम करताना

आधी कणकेसारखी मळून घ्या. न मळलेली क्ले लाटताना चिरते आणि आत हवा राहते. फारच मऊ झाली तर दोन कोऱ्या कागदांमध्ये काही तास दाबून ठेवा. जादा द्रव्य कागद शोषतो. पांढरा आणि फिके रंग आधी हाताळा, लाल-काळे शेवटी. लाटणं, सुरी, साचे वेगळे ठेवा. एकदा क्लेला वापरलेलं लाटणं पोळीला परत नको.

भाजताना

बहुतेक वस्तू मोडतात त्या कच्च्या भाजल्यामुळे. फिमो सॉफ्टला 110 अंश सेल्सिअस, तर प्रीमोला सुमारे 130 अंश लागतात. वेळ साधारण अर्धा तास. जाड वस्तूला जास्त. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यात बराच फरक पडू शकतो, म्हणून ओव्हनमध्ये ठेवायचा वेगळा थर्मामीटर घ्या. वस्तू साध्या फरशीच्या तुकड्यावर ठेवा, वरून फॉइल झाका म्हणजे रंग करपत नाही.

गरम असताना ती मऊच लागते, घाबरू नका. पूर्ण थंड झाल्यावर पातळ पट्टी वाकवून पाहा. वाकून परत सरळ झाली तर भाजणी जमली. कट्कन मोडली तर बहुधा कच्ची राहिली.

मायक्रोवेव्ह किंवा गॅसवर थेट भाजणं टाळा. पीव्हीसी करपलं तर हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो. उग्र वास आला की ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि मुलांना घेऊन खोलीबाहेर पडा. चमक आणायला नेलपॉलिशही लावू नका, त्याने वस्तू काही दिवसांनी चिकट होते. पाण्यात विरघळणारं वॉर्निश वापरा.

काय बनवू नये?

खाण्यापिण्याची भांडी आणि तेलवातीच्या पणत्या नकोत. विसर्जनाचा गणपती तर नकोच. 'क्ले' या नावाला भुलून मूर्ती बनवली, तरी ती पाण्यात विरघळणार नाही, तळाशी प्लास्टिक म्हणूनच राहील. त्यासाठी आपली शाडूच बरी.

सुरुवातीला दहा रंग घेण्यापेक्षा दोन ठोकळे आणि थर्मामीटर घ्या. चार-पाच पट्ट्या भाजून, वाकवून पाहा. तुमच्या ओव्हनची नस सापडली, की मगच ऑर्डर घ्या.