चुकलेलं उत्तर वाचायला शिकताना

बी.एड. दोन वर्षांचं झालं, तेव्हापासून त्यातले वीस आठवडे शाळेत आंतरवासितेसाठी असतात. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या शाळांत येणाऱ्या छात्राध्यापकांची पाठ टाचणं आणि शैक्षणिक साधनं चोख असतात. मूल्यमापन म्हटलं की मात्र बहुतेकांना स्वतः दिलेल्या परीक्षाच आठवतात, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतात.

गैरसमज : घटक संपला, चाचणी घेतली, गुण दिले की मूल्यमापन झालं.

तिसरीच्या वर्गात ५२ वजा ३८ हे उदाहरण दिलं असं समजू. एकाचं उत्तर २६, दुसरीचं २४, तिसऱ्याचं ९०. गुणांच्या रकान्यात तिघांनाही शून्य. पण २६ लिहिणाऱ्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय. दशक सुटा करणं त्याला कळलेलंच नाही. २४ लिहिणारी दशक सुटा करते, फक्त दशकाच्या घरातला एक कमी करायचा राहतो. ९० लिहिणाऱ्याने चक्क बेरीज केली. पहिल्याच्या हातात काड्यांचे गठ्ठे द्यावे लागतील. दुसरीला २४ मध्ये ३८ मिळवून पाहा म्हटलं, तर ६२ आलेले पाहून तिची चूक बहुधा तिलाच सापडेल. तिसऱ्याला आधी विचारावं लागेल, की बाळा, हे कसं केलंस? तिघांनाही सरावाला तीच दहा उदाहरणं दिली, तर पहिला आपली चूक दहा वेळा गिरवील.

उद्या कुणाला काय शिकवायचं, हे ज्यातून ठरतं ते आकारिक मूल्यमापन. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात पहिली-दुसरीला आकारिकचा भारांश ७० टक्के ठेवला. सातवी-आठवीत तो ४० वर येतो. लहान वर्गांत सत्राअखेरच्या परीक्षेपेक्षा रोजच्या कामाला जास्त वजन आहे, ते याच विचाराने.

गैरसमज : कागदावर उतरलं तेच खरं ज्ञान.

नवी मुंबईत तरी हे मनातून काढायलाच हवं. इथल्या महापालिका शाळांत घरी वेगवेगळ्या भाषा बोलणारी, कामासाठी स्थलांतर केलेल्या कुटुंबांतली मुलं आहेत. शाब्दिक उदाहरण कोरं सोडणाऱ्या मुलाचं गणित अडलंय की वाचन, हे कागद सांगत नाही. उदाहरण त्याला मोठ्याने वाचून दाखवलं की कळतं. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्यासह संशोधकांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं अभ्यासली. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा : ही मुलं विक्रीचे अवघड हिशेब तोंडी करतात, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या साध्या उदाहरणांत अडतात. हे अंतर ओळखायला तोंडी काम, प्रात्यक्षिक, दैनंदिन निरीक्षण ही साधनं आहेत. ती नोंदवहीत एकाच दिवशी भरून टाकायची नसतात.

गैरसमज : गुणांशेजारी ‘छान’, ‘प्रगती हवी’ लिहिलं की वर्णनात्मक नोंद झाली.

अशा शेऱ्यातून मुलाला पुढे काय करायचं ते समजत नाही. ‘परिच्छेद ओघात वाचते, जोडाक्षराशी थांबते’ ही नोंद. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात कामाविषयी फक्त शेरा मिळालेल्या मुलांची प्रगती झाली. शेऱ्यासोबत गुणही मिळालेल्यांची झाली नाही. आकडा दिसला की मुलांची नजर तिथेच अडकते, असा त्याचा अर्थ मला पटतो. निदान सरावाच्या वहीत तरी आकडा नसावा.

गैरसमज : आठवीपर्यंत परीक्षाच नाही.

शिक्षण हक्क कायद्याने मुलाला त्याच वर्गात ठेवायला मनाई केली होती. मूल्यमापन तर त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये सातत्याने करायला सांगितलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षाही आहे. अनुत्तीर्ण मुलाला पुनर्परीक्षा मिळते आणि त्यातही तो राहिला तर त्याच वर्गात बसतो. म्हणून वर्षभर त्याची चूक कुणी वाचली की नाही, याला आता अधिकच महत्त्व आलं आहे.

मार्गदर्शक शिक्षकांना एक विनंती. छात्राध्यापकाच्या हाती उत्तरपत्रिकांचा गठ्ठा देताना त्याला आधी गुण द्यायला लावू नका; चुकांच्या प्रकारांनुसार पत्रिका वेगळ्या करायला सांगा आणि दुसऱ्या दिवशीचं टाचण त्यावरून लिहून घ्या.