बीटी कापूस : जमा, नांवें व सामाईक कर्तव्य

कारंजा लाड ही वऱ्हाडांतील जुनी कापसाची पेठ. मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंद रुळांच्या गाडीनें येथील कापूस एके काळीं बाहेरगांवीं जात असे. येथील शेतकऱ्यास जनुक बदललेल्या पिकांचा प्रश्न केवळ वादाचा नव्हे. तो त्याच्या पऱ्हाटीवरच येऊन ठेपला आहे. सबब या बियाण्याचा हिशेब जमा व नांवें अशा दोन्ही बाजूंनीं तपासण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मातींत 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' नांवाचा सूक्ष्म जंतु असतो. त्याचें एक प्रथिन पोटांत गेलें म्हणजे बोंडअळी मरते. तें प्रथिन निर्माण करणारें जनुक ज्याच्या झाडांत घातलें आहे, तो बीटी कापूस होय. भारत सरकारनें मार्च २००२ मध्यें अशा तीन संकरित वाणांस परवानगी दिली. २००६ मध्यें दोन जनुकांचे वाण आले.

जमेची बाजू लहान नाहीं. हिरव्या बोंडअळीसाठीं पूर्वीं वारंवार कराव्या लागणाऱ्या फवारण्या पुष्कळ कमी झाल्या व बोंडें वांचलीं. नांवें पडतें तें असें कीं, वाण संकरित असल्यामुळें सरकी दरसाल विकत घ्यावी लागते. शिवाय तुडतुडे, फुलकिडे व पांढरी माशी यांवर या प्रथिनाचा इलाज चालत नाहीं.

खाण्याच्या पिकांचा प्रश्न निराळा आहे. बीटी सरकीचें तेल वीस वर्षांहून अधिक काळ आपल्या खाण्यांत आहे. परंतु शुद्ध केलेल्या तेलांत प्रथिन बहुतेक उरत नाहीं. वांगें तर सबंध खाल्लें जातें. २०१० मध्यें नागपूरसह सात शहरीं लोकांचें म्हणणें ऐकून केंद्र सरकारनें बीटी वांगें रोखून धरलें. बांगला देशानें त्यास २०१३ मध्यें परवानगी दिली. प्रत्येक पिकाची परीक्षा स्वतंत्रपणें व्हावी, हेंच सयुक्तिक होय.

आतां मुख्य गोष्ट. शेंदरी बोंडअळी मुख्यतः कापसावरच जगते. असंख्य अळ्यांत एखादी त्या प्रथिनास न जुमानणारी असते. सर्व शिवार बीटीचेंच असलें, तर तीच तेवढी वांचते व तिचाच वंश वाढतो. शेजारीं साधा कापूस असला, तर अशा अळीच्या पतंगाचा तेथील साध्या पतंगांशीं संयोग होऊन संततींत तो गुण दबतो. याकरितांच भोंवतीं पांच ओळी किंवा शेताचा पांचवा हिस्सा, यांपैकीं जें अधिक होईल तितकें साधें पीक लावण्याचा नियम होता, व पाकिटासोबत १२० ग्रॅम साधी सरकी मिळत असे. पुष्कळांनीं ती पेरलीच नाहीं. आमच्या नोकरीच्या काळांत पिकांच्या नोंदींत 'कापूस' एवढाच शब्द पडे. कडेच्या ओळींची विचारपूस कोणी केली नाहीं.

परिणाम सर्वांस ठाऊक आहे. गुजरातेंत २००९ मध्यें एका जनुकास व २०१५ च्या सुमारास दोन्ही जनुकांस ही अळी दाद देईनाशी झाली. २०१७ मध्यें तिनें विदर्भांतील बोंडें पोखरलीं. त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसांवर जीव गेले. उलट, अमेरिकेंत अॅरिझोनाच्या शेतकऱ्यांनीं साधें पीक नेटानें राखलें, पुढें वांझ पतंग सोडण्यास साह्य केलें, आणि २०१८ मध्यें त्या देशाच्या कापूस-मुलखांतून ही अळी नाहींशी झाल्याचें तेथील सरकारनें जाहीर केलें. अळी तीच, अंतर पडलें तें मुख्यतः वागणुकींत.

अलीकडे साधी सरकी पिशवींतच मिसळून येते. परंतु चोर-बीटीच्या पिशवींत काय आहे, याची हमी कोण देणार? म्हणून परवान्याचें बियाणें पावतीसह घ्यावें. हंगामापूर्वीं पेरणी करूं नये. डोमकळ्या वेचून नष्ट कराव्या. कामगंध सांपळ्यांत सलग तीन रात्रीं प्रत्येकीं आठ पतंग सांपडले, तरच फवारणीचा विचार करावा. फरदड न ठेवतां डिसेंबरअखेर पऱ्हाट्या काढाव्या.

एकानें फरदड ठेवली कीं तींतील पतंग दहा शेजाऱ्यांच्या शेतांत उतरतात. बियाण्याचा गुण ज्याच्या त्याच्या पैशानें विकत मिळतो. तो टिकतो मात्र सबंध गांवाच्या एकजुटीनें. ती नसेल तर उद्यां तिसरें जनुक आलें तरी त्याची तीच गत होईल.