घरच्या भाषेतील पुस्तक

१९५६ च्या राज्य-पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशातच राहिले. त्यामुळे आमच्याकडे पुष्कळ मुलांचे बोलणे मराठीत आणि धडे हिंदीत, असे झाले आहे. माझा विद्यार्थी आजीशी मराठीत भांडतो, पण मराठी पुस्तक परके मानून बाजूस सारतो. वस्तुतः लिपी एकच. अडला तर एखाद्या ‘ळ’पाशी अडेल!

अशा मुलाच्या हाती मी प्रथम लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ देतो. १९३४ पासून हे आत्मचरित्र भागशः प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. म्हणूनच की काय, त्यांचे लिहिणे चुलीपाशी बसून बोलल्यासारखे वाटते. नागपूरच्या पूर्वेकडील राजनांदगावातले त्यांचे दिवसही त्यात आहेत. १८९५ साली पती ख्रिस्ती झाले व संसार दुभंगला, तो प्रसंग वर्गात वाचताना माझा आवाज अडखळतो. बाई मात्र स्वतःचीच थट्टा करीत पुढे निघून जातात.

त्यानंतर शरच्चंद्र मुक्तिबोधांची ‘क्षिप्रा’ (१९५४) वाचावी. ही कादंबरी थोड्या मोठ्या मुलांसाठी आहे. हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध हे त्यांचे थोरले बंधू. एका मराठी घरातील हे दोन भाऊ दोन भाषांत लिहीत, हे ऐकून वर्ग क्षणभर स्तब्ध होतो, आणि मग कोणीतरी विचारतो, “गुरुजी, ते पुस्तक आहे का तुमच्यापाशी?”