टॅपेटची टकटक

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला गेलो, तेव्हा आजोबांच्या जुन्या मारुती ८०० च्या इंजिनातून टकटक येत होती. टॅपेट सैल झाले असणार, असं मला वाटलं. आजोबांना न विचारताच मी स्क्रू घट्ट केले. आवाज एकदम बंद! मी खूश झालो. पण बाजारात जाताना इंजिन तापलं आणि गाडी पोवई नाक्यावर थरथरत बंद पडली.

आजोबा सैन्यात ईएमईमध्ये होते. ते रागावले नाहीत. “अरे, आवाज घालवायचा नसतो, फट बरोबर ठेवायची असते,” एवढंच म्हणाले.

आमच्या गाडीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असतात. एक हवा-पेट्रोल आत घेतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. रॉकर त्यांना दाबून उघडतो. रॉकरचा स्क्रू आणि व्हॉल्व्ह यांच्यात, इंजिन थंड असताना, पाव मिलिमीटरहूनही कमी फट ठेवतात, कारण तापल्यावर धातू प्रसरण पावतो. फट वाढली की स्क्रू व्हॉल्व्हवर आपटतो आणि टकटक होते. फट उरलीच नाही, तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. धुराचा व्हॉल्व्ह मिटल्यावर आपली उष्णता सीटला देतो. तो मिटला नाही तर हळूहळू जळतो, तोही आवाज न करता!

प्रत्येक टकटक टॅपेटची नसते. आधी डिपस्टिक काढून ऑइल बघावं. इंजिन थंड असताना मोठा आणि तापल्यावर कमी होणारा आवाज एक्झॉस्टच्या जोडातल्या गळतीचा असू शकतो. इंजिनाच्या खालच्या भागातून जड ठोके आले, तर गाडी लगेच बंद करून मेकॅनिकला दाखवावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, आम्ही टॅपेट कव्हर काढलं. कॉम्प्रेशनच्या शेवटी पिस्टन सर्वांत वर आला की त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. तेव्हा मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाची फीलर गेजची पाती फटीत घालायची. ती किंचित अडत सरकली पाहिजे. मग स्क्रू धरून ठेवून नट आवळायचा आणि पुन्हा मोजायचं, कारण आवळताना माप बदलतं. असे सहाही व्हॉल्व्ह मी केले. आजोबांनी फक्त तपासले.

आता गाडी नाक्यावर बंद पडत नाही. बारीक टिकटिक अजून येते. आजोबा म्हणतात, “ती असू दे.”